सव्विसावी स्लाइड

कुताइसीत, पॉलिटेक्निकच्या तळघरात
मला एक टेबल, एक हीटर
आणि अठराशे बारा फाइली दिल्या आहेत.
नव्या वर्षापासून कॉलेज जुन्या सॉफ्टवेअरचे पैसे भरणार नाही.
तेव्हा सगळं या घरातून त्या घरात न्यायचं,
मोडतोड न होता.
असं आदेशात लिहिलंय. आदेश मात्र
अजून जुन्याच फॉरमॅटमध्ये आहे.

मोडतोड होतेच.
बाण आपली चौकट सोडून दोन बोटं डावीकडे सरकतो
आणि नदीऐवजी पेट्रोल पंप दाखवू लागतो.
जुना फॉन्ट नव्या घरात कुणी ओळखत नाही,
मग आमची अक्षरं, गळांसारखी, अंगठ्यांसारखी,
रोमन होऊन बसतात,
धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत.
त्यासाठी मी तेहेतीस ओळींचा तक्ता केलाय,
या अक्षराच्या जागी ते.
यंत्र बदलतं, मी तपासते.
चार वाजता म्झेविनार वरून चहा आणते, विचारते,
"अजून किती?"
"झालं की," मी म्हणते.
हे आमचं रोजचं.

गुरुवारी ओतिया गुगुशविलींची फाइल उघडली.
जलविज्ञान, दुसरं वर्ष, रिओनीचे पूर.
मी होते त्या वर्गात. तिसरा बाक, खिडकीशी.
सरांचा हातखंडा एकच,
प्रश्न पडद्यावर टाकायचा
आणि माउसवर बोट ठेवून थांबायचं.
किती थांबायचे!
बाहेर मार्शुत्का हॉर्न देऊन निघून जायची,
कुणी खोकायचं, कुणी चुकीचं उत्तर द्यायचं,
सर म्हणायचे, "हं. पुढे?"
मग क्लिक. मग उत्तर, डावीकडून घसरत.

नव्या फॉरमॅटला ते घसरणं कळलं नाही.
सव्विसाव्या स्लाइडवर
प्रश्न आणि उत्तर एकमेकांच्या अंगावर पडलेत.
'पाणी आधी कुठून शिरतं?' याच्या पोटात
'जिथे आपण भिंत बांधली, तिथून.'
दोन्ही दिसतात,
वाचता एकही येत नाही.

आणि खाली, आम्हाला कधीच न दिसलेली
वक्त्याची टिपणं सांडली होती.
'इथे थांब. वीस मोज.
लेवानकडे बघू नकोस, त्याला येतं.
खिडकीतल्या मुलीला येत नाही, पण ती बोलेल.
बोलू दे.'

मी बोलले होते का? आठवत नाही.
बोलले असेन तर चुकीचंच.

टिपणं वेगळ्या फाइलीत टाकायची, असा नियम आहे.
टाकली.
उत्तर उचलून प्रश्नाखाली ठेवलं. नीटनेटकं दिसलं.
परत उचललं, पुढच्या स्लाइडवर नेलं,
आणि मधे एक कोरी घातली,
काही नाही तिच्यावर, पानाचा आकडासुद्धा नाही.

अहवालात 'फरक' असा रकाना आहे.
लिहिलं, एक.
शेजारी 'कारण'. तिथे कर्सर लुकलुकत राहिला.
मी मोजत होते की तो, कोण जाणे,
अकरा, बारा,
तेवढ्यात कप आदळला टेबलावर.
"अजून किती?"
"नऊशे चाळीस," मी म्हटलं.
म्झेविनार खुर्ची ओढून बसली.