शेरा

हळदोण्याच्या सिमितेरीत काम होतं ते सकाळी सात ते नऊ.
मग ऊन थेट डोक्यावर येतं
आणि अक्षरं दगडात परत बुडतात.

मी आरसा तिरका धरते,
न्हाणीघरातला, एक कोपरा उडालेला.
उजेड बाजूनं सरकवला की
कोऱ्या वाटणाऱ्या शिळेवर
आधी एक दांडा उभा राहतो,
मग एक वाटोळं पोट,
मग कुणाचं तरी आडनाव.

रुझारची बायको पहिल्या दिवशी वाटीभर तांदळाचं पीठ घेऊन आली.
चोळा, लगेच वाचता येईल, म्हणाली.
नको, पिठानं दगड खराब होतो.
तिनं वाटीकडे पाहिलं, थडग्याकडे पाहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिठाचे पोळे आणले.

वहीत रकाने सात:
क्रमांक, नाव, जन्म, मृत्यू, दगड, स्थिती, शेरा.

अठरा. एस्पेरांस द मेलु. काळा पाषाण. डावीकडे तडा.
तेवीस. इनासियु, तारवटी. खाली कुणी नाही;
एडनच्या पुढे समुद्रातच सोडला.
दगड आईनं मागून घेतला.
एकतीस. तीन भावंडं, एक शिळा, एकच आठवडा.
शेरा लिहायला गेले, आणि त्या दिवशी
काम तिथंच थांबवलं.

चौतिसाव्यापाशी मला ते एने दिसलं.
मधला तिरका दांडा भलत्याच बाजूनं उतरलेला.
'जन्मला' मधलं उलटं, 'वर्षे' मधलं उलटं,
येणाऱ्याजाणाऱ्याकडे एक पाय नोस्स मागतात,
त्या आद्याक्षरातलंही.
मागे जाऊन सगळे दगड पुन्हा पाहिले.
एक्केचाळीस निघाले,
एकोणीसशे नऊ ते अडतीस.
बाकी अक्षरं अशी की
ओळंब्याला लाज वाटावी.

रुझार फावडं टेकून म्हणाला,
"तो? फटी चारी. न्हंयपलतडचो.
ताका वाचूंक येनासलें. पाद्री कागद दितालो,
हो अक्षरां न्हय, चित्रां काडटालो."
रुझारला हे त्याच्या बापानं सांगितलेलं.
दगड होडीतून यायचे, म्हणे,
आणि मधे फटी, वल्ह्याकडे पाठ करून,
छिन्नीला धार लावत.

सत्तावन्न. आर्मिंदा पिएदाद कुलासु, मास्तरीण.
एकोणीसशे एकतीस.
हात तोच, खोली तीच, शेपट्यांचं वळण तेच,
पण एने सरळ.
नावातलं सरळ. जन्मातलं. वर्षांतलं.
मी आरसा तीनदा फिरवला.

कधीतरी कुंपणापाशी थांबून तिनं त्याला टोकलं असेल.
किंवा आजारात स्वतःच कागद लिहिला असेल
मोठ्या अक्षरात, पहिलीच्या पोरांना देतात तसा.
किंवा तसलं काहीच नसेल,
फटी त्या दिवशी चुकला असेल.
बत्तीस सालापासून एने पुन्हा उलटं.

"आणि फटी कुठं?"
रुझारनं हनुवटीनं नदी दाखवली.
पलीकडच्या काठावर जाळला. राख भरतीनं नेली.
दगड? दगड कसला.

वहीच्या शेवटच्या पानावर मी ओळ आखली.
क्रमांक: नाही. नाव: फटी चारी.
जन्म, मृत्यू: माहीत नाही.
दगड: एक्केचाळीस.
स्थिती: वाचता येतात.
पाद्री म्हणतील, शेरा तड्यांसाठी असतो, शेवाळासाठी.
खोडायचं तर खोडू देत.

नऊ वाजले. आरसा फडक्यात गुंडाळायला घेतला
तर त्यात चौतिसावी शिळा पडली होती,
नाव उजवीकडून डावीकडे, गाव उजवीकडून डावीकडे,
प्रार्थनाही.
आणि त्या सगळ्या उलट्या गर्दीत
फटीचं एने,
जसं हवं तसं.