मंगळवारी या

डोळ्यानं कधी पाहिलाच नव्हता मी तो,
पाठीवरचा.
आत्या म्हणायची, नशिबाचा आहे.
आता त्याचा तुकडा बाटलीत बसून
अंबाजोगाईहून लातूरला गेलाय.
मंगळवारी या, म्हणाला काउंटरवरचा पोरगा.

टाके तीन.
दोन आरसे धरून बघितले,
मधला जरा ओढलाय.
मी असा दिला असता
तर गिऱ्हाइकानं उसवून घेतला असता.

सलमाबी विचारते, पाठ का गं आखडली?
माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात.
हा भिजतोय, सहा दिवस झाले.

मशीन चालू. बाही, गळा, बाही.
फोन वाजला की पाय थांबतो पायडलवर.
ब्लाउज झाला का, एवढंच असतं.
मंगळवारी या, म्हणते.
सगळ्यांनाच मंगळवार दिलाय.