तिसरी फेरी

तिचं आडनाव फेब्रुवारी.
गलबतातून साखळीसकट उतरवलेल्या कुणा पूर्वजाला
मालकाने महिन्याचंच नाव चिकटवलं, ते तसंच चालत आलं
केप टाउनच्या हॅनोव्हर पार्कमधल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत.
वेरोनीक फेब्रुवारी, वय एकेचाळीस.
अभ्यासातला क्रमांक दोनशे सहा.

मी विचारणारी बाई.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, पर्समध्ये
गोळीबार सुरू झाला तर कुठल्या घरात शिरायचं त्याची यादी.
सहाशे बारा घरं, तीन वर्षं, तीन फेऱ्या.
निम्म्या घरांत दर पंधरवड्याला एक समुपदेशक जाऊन बसायची,
नवऱ्याशीही बोलायची, सासूशीही.
निम्म्यांत नाही.
कोण कुठल्या निम्म्यात, मला माहीत नसायचं.
माहीत नसणं हाच नियम.

प्रश्न सतरावा:
गेल्या बारा महिन्यांत घरातल्या कुणी तुमच्यावर हात उचलला का?

पहिल्या वर्षी ती म्हणाली, नाही.
किटली डाव्या हाताने उचलली होती तिने.
उजवा मांडीवर, एखादी वस्तू ठेवावी तसा.
मी ‘नाही’वर बोट टेकवलं.
सांगतील तेच नोंदवायचं, डोळ्यांना दिसेल ते नव्हे.

दुसऱ्या वर्षी म्हणाली, चार वेळा.
मग म्हणाली, थांब, ईस्टर धरून पाच.
आणि हसली, वाण्याची चुकलेली बेरीज पकडावी तशी.
मी जिना उतरत होते तेव्हा कठड्यावरून ओरडली,
‘पुढच्या वर्षी नक्की ये.
पुढच्या वर्षी वेगळं उत्तर देणार आहे मी.’

अर्थसंकल्प फेब्रुवारीत वाचतात.
(‘माझ्या नावाने पैसे वाटतात,’ ती म्हणायची, ‘आणि मला कळवतही नाहीत.’)
डॉक्टर झोलेका म्पेतांनी रात्रभर पानं चाळली.
आमची एक ओळ होती. तिथे आता दुसरीच ओळ होती.
मागाहून पत्र आलं: प्राधान्यक्रमांची फेरमांडणी.
सरकारने हात आखडता घेतला.
हातांबद्दलचाच तर अभ्यास होता.

त्याच आठवड्यात इस्पितळात डोक्याचे फोटो काढणारं नवं यंत्र आलं.
हवंच होतं ते. माझ्या भावाचं कपाळ तिथेच शिवलंय, अकरा टाके,
मी कशाला नाही म्हणू?
पण टाके मोजता येतात. बिल होतं त्यांचं.
न पडलेली खोक कुठल्या रकान्यात मांडायची,
ते शोधायलाच आम्ही जिने चढत होतो.

टॅबलेट परत केले. सही केली, चार्जरसकट.
तिसऱ्या फेरीच्या रकान्यात
सगळ्या सहाशे बारा घरांपुढे आता नव्व्याण्णव.
नव्व्याण्णव म्हणजे ‘उत्तर उपलब्ध नाही’.
घर सोडून गेली, मेली, दार उघडलं नाही,
किंवा दारापर्यंत कुणी गेलंच नाही:
यंत्राला सगळं सारखंच.

मार्चमध्ये मी गेले. पदरमोड करून, टॅक्सीने,
आग्नेयेचा वारा दोरीवरचे कपडे हिसकत होता.
ओळखपत्र नव्हतं. हात कुठे ठेवावेत कळेना.
‘कुठेय तुझी पाटी?’ वेरोनीक म्हणाली.
म्हटलं, चहाला आलेय.
तिने कप मांडले, साखर शोधली, पुन्हा बसली.
‘विचार की.’
‘आता त्याचा उपयोग नाही, वेरोनीक.’
‘मी वर्षभर थांबलेय. विचार.’

मी विचारला. शब्दन् शब्द, छापला होता तसा.

‘एकदा,’ ती म्हणाली. ‘ऑगस्टमध्ये.
त्यानंतर नाही.’

एक घर म्हणजे पुरावा नव्हे.
तो दमला असेल, आजारी असेल, दारू महागली असेल.
त्या पंधरवड्याच्या बाईमुळेही असेल,
ती इथे येत होती का, हेही मला ठाऊक नाही.
मी मान हलवली. लिहायला काही नव्हतं,
तरी बोट टेबलावर टेकलं, सवयीने.

तिने ते पाहिलं.
चहा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं,
‘आणि बाकीच्या?
बाकीच्या काय म्हणाल्या गं?’