आंब्याचे कान

मार्चमध्ये महापालिकेची माणसं आली
आणि तारांत शिरलेली आंब्याची फांदी उतरवून गेली.
ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याआधी
मी सहा ओंडके ओढून आणले,
हातभर लांब, मांडीएवढे जाड.
अच्युत म्हणाला, सरण रचतेस का?
मोठ्यानेच म्हणाला. तो सगळंच मोठ्याने म्हणतो,
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
प्रेसपाशी उभा राहिल्यापासून.

पंधरा दिवस सावलीत. ताजं तोडलेलं लाकूड
लगेच कुणाला आत घेत नाही.
मग ड्रिल. मी भोकं पाडायची, चार बोटं सोडून एक,
पुढची ओळ जराशी सरकवून,
आणि तो ओंडका दोन्ही तळव्यांत धरून बसायचा.
ड्रिल त्याला ऐकू येत नव्हतं
पण साल संपून आतलं लागलं की तोच सांगायचा: बस.
थरथर बदलते म्हणे.
मला काही कळलं नाही. मी आवाजात होते.

भोकांत भुसा भरला, पांढऱ्या तंतूंनी विणलेला,
आणंदहून पार्सलने आलेला.
वरून मेण. दिवाळीतल्या उरलेल्या मेणबत्त्या वितळवून
एकेका भोकावर,
दाढेत चांदी भरावी तसं.
मग जिन्याखाली, ओल्या पोत्यात, दिवसातून दोनदा पाणी.

वरच्या गॅलरीतून जागृतीबेन बघायच्या.
त्यांचं आयंबिल चालू होतं.
शुं वावो छो?
मी म्हटलं, कुत्र्याच्या छत्र्या.
अरे, बिलाडीना टोप! त्या हसल्या, तोंडावर पदर धरून.
आमच्याकडे कुत्रा, त्यांच्याकडे मांजर,
आणि भिजू मात्र दोघांनाही द्यायचं नाही.
त्या खाणार नाहीत, शिवणारही नाहीत.
तरी रोज संध्याकाळी वरून:
ऊग्युं?
नथी ऊग्युं.

मे महिन्यात एक ओंडका हिरवा पडला.
बुरशीच, पण आपली नव्हे.
दुसऱ्यात वाळवी.
जून गेला. जुलै.
अच्युत रोज सकाळी पोतं बाजूला सारून
उरलेल्या चारांना हातोडीने दोन-दोनदा ठोकायचा,
झोपलेत, म्हणायचा, उठवायला हवं,
आणि तळवा टेकवून थांबायचा
दार उघडण्याची वाट बघावी तसा.

विश्वामित्रीचं पाणी पुलाला लागलं
आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी अंगणातली मगर फिरत होती,
त्या रात्री वीज नव्हती.
मेणबत्ती घेऊन जिन्याखाली गेले
तर दोन ओंडक्यांना कान फुटलेले.
तपकिरी, ओलसर, उजेड आरपार जाईल इतके पातळ,
पाळी वळलेली, आत शिरा, पाठीवर लव.
नऊ मोजले. पुन्हा मोजले तर चौदा.

अच्युतने एक बोटांत धरला.
दुसऱ्या हाताने स्वतःचा चाचपला.
मग काहीतरी म्हणाला, इतकं हळू
की मीच विचारलं, काय?
तो पुन्हा बोलला नाही.

लसणीवर परतले. चव अशी काही नाही,
दाताखाली कुरकुरतात, बस.
नवरात्राच्या तोंडावर तिसऱ्या ओंडक्याने
औषधी अळंबी काढली: पंख्यासारखी, लालभडक,
संखेड्याच्या पाळण्यावर असते तशी लाखेची चकाकी.
जागृतीबेन त्या दिवशी खाली आल्या,
हात पाठीमागे बांधून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.
ऊग्युं, म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.
तिचा काढा कडूजहर होतो. अच्युत तोंड वाकडं करून पितो.
कानांना काही फरक नाही.
पडेल असं मी कधी म्हटलंही नव्हतं.

सहावा ओंडका अजून गप्प आहे.
काल रात्री तीन गल्ल्या पलीकडे गरबा रंगात आला होता,
मी खिडक्या लावत होते,
तर हा जिन्याखाली, अंधारात, त्या ओंडक्यावर हात ठेवून बसलेला.
ये, म्हणाला. इथे ठेव हात.
ह्याच्यात ढोल आहे.