मधल्या भेंड्या

सोमवारी फवारलं. बाटलीवरचा कागद सांगतो:
सात दिवस थांबा.
भेंडी थांबत नाही,
नेरूरच्या कुणग्यात ती रोज बोटभर लांबते.

थोडं उन्हानं फोडलं,
थोडं दवाबरोबर ओघळलं,
फळ फुगलं तसं उरलेलं विरळ झालं.
अर्धं. अर्ध्याचं अर्धं. त्याचंही.
शून्य कधी येतं, भाच्याला विचारलं.
"येत नाही, आत्ये. नुसतं जवळ जवळ जातं."

बुधवारी कुडाळचा बाजार चुकवला.
शेजारची द्रौपदी पोरासाठी चार कोवळ्या मागत आली;
"सोमवारी ने" म्हटलं, तर फणकारली.
जून झालेल्या तोडून
माडाच्या आळ्यात पुरल्या, तिच्या देखत.

सोमवारी ती फिरकली नाही.
पाटी घेऊन मीच गेले,
तिच्या खळ्यात बसून
पहिली भेंडी कच्चीच चावली.

मीठ तिनं न मागता आणलं.