ओल

दाजीपूरच्या वर, सड्याच्या खोलगटात
एक पाणथळ आहे. नकाशात नाही.
बमू झोरेंना ठाऊक, कारण त्यांची भुरी म्हैस
तिथं एकदा पोटापर्यंत रुतली होती.
सात माणसं, दोन कासरे, आख्खा दिवस.

“हितं तळ न्हाई, बाई.”

तळ होता. तीन मीटर चाळीसवर
पाइप जांभ्यावर ठेचला
आणि कोपरापर्यंत कळ आली.

पाइप उभा चिरला.
काळा गाळ, खरवसासारखा थरथरता,
अगदी खाली एक पान, अजून हिरवट.
हवा लागली तसं माझ्यादेखत काळं पडलं.
अर्धं मिनिटही नाही.
वय नंतर कळलं:
तीन हजार आठशे, अधिक-उणे साठ.
साठ म्हणजे माझी आई, पूर्ण.

आई टिकवायची ते वाळवून.
सांडगी मिरच्या, गवारी, कैरीच्या फोडी,
राजारामपुरीच्या गच्चीवर जुनं लुगडं अंथरून.
ओल राहिली की गेलं, म्हणायची.
इथं ओल राहिली म्हणून राहिलं.

विद्यापीठात गाळ आम्लात शिजवला.
उरतात ते परागकण. एका काचेवर तीनशे मोजायचे.
खाली जांभूळ, अंजन, नेच्यांचे बीजाणू,
म्हणजे पाऊस भरपूर.
वर गवत. मग कोळशाची काजळी,
कुणीतरी उतार जाळून पेरलेला.
नाचणी असावी. तसं लिहिलं नाही,
गवतांचे कण सगळे एकाच तोंडावळ्याचे.
अगदी वर निलगिरी,
माझ्या शाळेच्या दिवसांतली.

आणि एकशेदहा ते एकशेबावीस सेंटिमीटर:
काही नाही.
चार काचा केल्या.
दोन-तीन कण, फाटके, कुरतडलेले.
तक्त्यात तिथं रेघ मारली.
सर म्हणाले, नमुना बिघडला असेल, सोड.

पुढच्या खेपेला बमूमामांना फोटो दाखवला.
त्यांनी अंगठा बरोबर त्या तांबूस पट्ट्यावर ठेवला.
“हितं पाणी आटलं आसंल.
वाळलं की वारं खातंय समदं.”

बारा सेंटिमीटर.
तेव्हा इथं कुणाची गुरं होती,
कोण घाट उतरलं, कोण मागं थांबलं,
यातलं काही मोजता येत नाही.
रेघ खोडली. लिहिलं: कोरडं.

निघताना भुरीची नात
पाणथळाच्या मधोमध उभी होती,
शेपटीनं माश्या वारत.
मे महिना. मी तिच्या खुरांकडं बघत राहिले.
रुतत नव्हते.