अकराशे ऐंशी

अकराशे ऐंशी.
नर्सने आकडा सांगितला तेव्हा येसिदने
आपला उजवा तळवा पाहिला.
बेकरीत रोज पहाटे तीनला तो पीठ तोलतो,
काट्याशिवाय, पाच ग्रॅमचाही फरक पडत नाही.
म्हणाला, काल बाराशे दहा होता ना?
तीस ग्रॅम.
एका लहान पावाइतका आमचा मुलगा
रात्रीतून गेला कुठे?

धीर धर, म्हणतात सगळे.
सासू सोआचाहून दोन बस बदलून येते
आणि म्हणते, धीर धर.
कुठे धरायचा? त्याला ना मूठ, ना दांडा.
मी काचपेटीच्या भोकातून हात घालते
आणि एल्कीनची टाच धरते.

त्याच्याशी बोला, डॉक्टरीणबाई सांगतात.
मी बोलते. येसिदला शब्द फुटत नाही.
तीन दिवस नुसता उभा, नखांत पीठ.
चौथ्या दिवशी तोंड पेटीजवळ नेऊन
हलक्या आवाजात भाव सांगू लागला:
आल्मोहाबाना, अठराशे पेसो.
पांदेबोनो, दोन हजार.
कालचा पाव निम्म्या किमतीत,
पण सातच्या आधी यायचं.
पडद्यावरचा आकडा ब्याऐंशीचा अठ्ठ्याऐंशी झाला.
योगायोग असेल.
त्याने यादी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

शेजारच्या पेटीपाशी रुबिएला असायची, बोयाकाची.
पिवळी लोकर, लिंबाएवढ्या टोप्या,
आणि अख्ख्या वॉर्डाला पुरेल असं
गुळाचं गरम पाणी थर्मासमध्ये.
मंगळवारी आले तर पेटी पुसलेली,
तारा गुंडाळून वर ठेवलेल्या.
माझ्या खुर्चीवर थर्मास, अजून कोमट.
त्याखाली एक टोपी.

आधी मला हायसं वाटलं. आमची पेटी नव्हती.
मग त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली
की दूध काढायच्या खोलीत जाऊन
यंत्र सुरूच केलं नाही, नुसती बसले.
अर्ध्या तासाने सुरू केलं.
बारा मिलिलिटर.
ते घेऊन परत आले, दुसरं काय करणार.

आज तेविसावा दिवस.
एल्कीनला येसिदच्या उघड्या छातीवर ठेवलंय,
पट्ट्याने बांधून, कांगारूसारखं.
बोगोताची थंडी खिडकीला टेकून उभी.
येसिद ताठ बसलाय, खोकलासुद्धा गिळतो.
बेकरीत आज भाऊ गेलाय, पाव वेडेवाकडे होणार.
छातीवरचा एक केस
पोराने घट्ट मुठीत धरलाय.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच का,
आणि कुणाचा जीव, कुणाच्या मुठीत?
दुखतंय, येसिद ओठांनीच सांगतो,
आणि सोडवत नाही.

सकाळी पुन्हा वजन.
टोपी मोठी होते त्याला, डोळ्यांवर येते.
मी तिची कड दोनदा दुमडली आहे.
कापली नाही.